शेरा : पुन्हा लिहावे

६ जानेवारी

तीर्थस्वरूप, परंतु सांप्रत दर्शनास बंद असलेल्या ताईस,

पाकिटावरील हस्ताक्षर ओळखून हे पत्र न फोडताच अडगळीत टाकण्याचा तुझा अधिकार मला मान्य आहे. तथापि यंदा तुला लिहिणे ही केवळ बंधुप्रीती नसून शालेय कर्तव्य आहे. आणि कर्तव्य म्हटले की तुझा भाऊ खिडकीतून उडी मारतो, असे तू सर्वत्र सांगतेस. तेव्हा निदान त्या उडीचा वृत्तांत म्हणून वाच.

आमच्या नव्या मुख्याध्यापिका सुट्टीत कुठल्याशा प्रशिक्षणाला गेल्या होत्या. परतल्या त्या ज्ञानाने ओथंबूनच. वर्षारंभीच्या सभेत त्यांनी फर्मावले की प्रत्येक शिक्षकाने उभे राहून नववर्षाची उद्दिष्टे जाहीर करावीत : तीन व्यावसायिक, दोन वैयक्तिक. मनुष्य स्वतःशी अप्रामाणिक असतो (हे त्यांना प्रशिक्षणात कळले, मला रोज आरशात कळते), म्हणून प्रत्येकाला एक साक्षीदार. साक्षीदाराने काम पुरे झाल्याची प्रत्यक्ष खात्री करावी, सही द्यावी, मग शिक्षकखोलीतल्या फळ्यावर त्या नावापुढे एक चिकटवायचा हिरवा ठिपका. ज्या जोडीचे ठिपके सर्वांत आधी भरतील तिला चषक.

माझ्या प्रतिज्ञा ऐक. निबंध आठवड्याच्या आत तपासून देणे. घंटा झाल्यावर बोलणे थांबवणे. संगणकास न भिणे. वैयक्तिक पातळीवर, उदरपरिघाचा संकोच. आणि पाचवी माझ्या मुखातून कशी निसटली हे माझे मलाच कळले नाही : 'ताईशी बोलणे पुन्हा सुरू करणे.'

जोड्या चिठ्ठ्यांनी ठरल्या. माझ्या चिठ्ठीत गणिताचे सर निघाले. व्यायामशिक्षक मोठ्याने म्हणाले, "घ्या! दाजी आणि मेहुणा एकाच गाडीला जुंपले. गाडी घरी जाते की खड्ड्यात, बघू!"

होय ताई, दाजीच. तू बंदी त्यांच्या नावावर घातली आहेस, नात्यावर नाही. या पळवाटेचा मी आधार घेतो. तू लेकीला, चिमणीला, घेऊन त्यांचे घर सोडलेस त्या दिवशी म्हणाली होतीस, "त्या माणसाच्या शेजारी बसून डबा खाणाऱ्याचं मला काही नको." डबा आम्ही अद्याप शेजारीच खातो. बोलत नाही एवढेच. ते कोणाशीच बोलत नाहीत.

त्यांची उद्दिष्टे सांगतो, कारण सभेत त्यांनाच टाळ्या पडल्या. मुले त्यांना 'काटकोन' म्हणतात. उभे राहिले की त्यांच्यातला आणि जमिनीतला नव्वद अंशांचा कोन कधी ढळत नाही. तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "नववीचा भाग फेब्रुवारीतच संपवणे. सगळ्या पाठांची टिपणं कोणालाही शिकवता येतील अशी करून ठेवणे. नव्या बाईंना दहावीच्या वर्गासाठी तयार करणे. घर आवरणे. ज्यांचं काही द्यायचं राहिलंय त्यांना ते देऊन टाकणे."

"याला म्हणतात स्पष्टता!" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

इतरांनी काही ना काही आरंभिले होते : कोणी बासरी, कोणी बाग, कोणी धावणे. दाजी एकटेच आवरत होते. हे मला त्या क्षणी जाणवले, परंतु चषकाच्या चमकीत विरून गेले. असा अश्व जोडीला असताना यंदा प्रथमच माझ्या हाती काही लागेल, अशी चिन्हे आहेत.

उत्तराची अपेक्षा न करण्याचे सोंग करणारा,
तुझा धाकटा


२९ जानेवारी

ताई,

तुझे कार्ड पोचले. 'पत्र मिळाले. त्या माणसाविषयी लिहू नये.' इतका अल्पाक्षरी मजकूर माझ्या एकाही विद्यार्थ्याला साधत नाही. अभिनंदन. आज्ञाभंगाबद्दल आधीच क्षमा मागून पुढे जातो.

रविवारी साक्षीदार या नात्याने दाजींच्या घरी गेलो. घर आवरले की नाही हे स्वचक्षूंनी पाहणे हा माझा हुद्दाच आहे. त्यांनी एकेक कपाट उघडून दाखवले, जणू मी जप्तीवाला. कपाटे रिकामी होती, ताई. पुस्तके वाचनालयास दिली. कुंड्या शेजारणीला दिल्या, आणि प्रत्येक कुंडीवर पाणी किती घालायचे याची चिठ्ठी. स्वयंपाकघरात एक ताट, एक वाटी, एक पेला.

"दाजी, घर आवरलंय की पुराने धुऊन नेलंय?"

"जास्त होतं. एका माणसाला लागतं किती?"

"आणि पाहुणा आला तर?"

"कोण येतंय?"

"मी आलोय की! मी काय भिंतीवरची पाल आहे?"

ते उठले, आपलाच पेला विसळून त्यात मला पाणी दिले, आणि मी पिऊन होईपर्यंत उभे राहिले. मग बुद्धिबळाचा पट माझ्या मांडीवर ठेवला. "हा तू ने. तू हरतोस, पण हरताना बडबड करतोस. बरं वाटायचं ऐकायला."

मी गलबलून जाण्याऐवजी सही ठोकली. चतुर्थ उद्दिष्ट सिद्ध! एवढेच नव्हे, तर पाठीवर थाप मारून म्हटले, "याच गतीने चला दाजी, एप्रिलच्या आत आपण मोकळे."

"एप्रिल कशाला," ते म्हणाले, "मार्चमध्येच होईल."

घरी आल्यावर तुझ्या भावजयीने पट पाहिला. "हे का दिलं त्यांनी?"

"मोहमुक्ती. विरक्तीचा प्रथम सोपान."

"तुमचे सोपान राहू द्या. त्यांचा जीव होता त्या पटावर. जीव असलेली वस्तू माणूस उगाच देत नाही." आणि तिने तो पट कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवला, लगेच परत न्यायला यावे तसा. स्त्रियांना विरक्ती कळत नाही, असे मी त्या वेळी मानले.

दाजींनी माझ्या पाचव्या उद्दिष्टाची चौकशी केली. "ताईला लिहिलंस?" लिहिले म्हणालो. मान डोलावली आणि सही दिली. तुझे काय उत्तर आले, हे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

चिमणीला मामाचा गालगुच्चा. ती आता गालगुच्च्याच्या वयाची राहिली नसेल, तर यथायोग्य हस्तांदोलन.

धाकटा


२३ फेब्रुवारी

ताई,

फळ्यावर आमची जोडी अग्रस्थानी आहे! व्यायामशिक्षकांच्या नावापुढे अद्याप एकच ठिपका, आणि तोही त्यांनी स्वतःच चिकटवल्याची वदंता आहे. मुख्याध्यापिका माझ्याकडे बोट दाखवून सर्वांना म्हणाल्या, "साक्षीदार असावा तर असा. मागे लागून करून घेतात." मी विनयाने मान खाली घातली, उदर आडवे आल्याने फार खाली गेली नाही.

आणि खरोखरच मी मागे लागलो आहे. रोज मधल्या सुट्टीत दाजींना गाठून विचारतो, "कुठवर आलं?" टिपणे पुरी झाली. ती पाहून मी थक्क झालो : कोणत्या उदाहरणापाशी मुले हसतात, कोणत्या बाकावरच्या मुलीला दोनदा सांगावे लागते, सगळे लिहिलेले. असे टिपण रजेवर जाणारा मनुष्य ठेवतो. तसे मी त्यांना म्हटलेही. "रजा टाकताय का लांबची?"

"मी कुठं जाणार," म्हणाले आणि हसले. दाजी हसले, ताई. तू आठवून पाहा, शेवटचे केव्हा हसले होते. तेव्हापासून ते रोजच थोडे हसतात. व्यायामशिक्षक म्हणतात, "काटकोनाचा विशालकोन झाला!" सर्वांना वाटते, बरे झाले, माणूस एकदाचा खुलला.

फक्त नव्या बाई नाराज आहेत. त्या तरुण आहेत, दहावीचा वर्ग त्यांना मिळाला म्हणून त्यांनी खरे तर पेढेच वाटायचे, परंतु जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "सर, एक विचारू? ते मला सगळं असं शिकवतायत, जसं काही पुन्हा विचारायला मिळणार नाही. काल म्हटलं, अडलं तर येईन तुमच्याकडे. तर म्हणाले, अडणार नाही असंच करून देतो."

"परिपूर्णतेचा ध्यास," मी म्हणालो.

"तसं असेल," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरता उतरता दाजींची टिपणे पुन्हा उघडून पाहू लागल्या.

दाजी बारीकही झाले आहेत. माझ्या चौथ्या उद्दिष्टाचे फळ त्यांना लाभते आहे. डोळे मात्र रात्रपाळीच्या पहारेकऱ्यासारखे.

तू लिहू नको म्हणालीस तरी मी का लिहितो, याचे उत्तर मजजवळ नाही. कदाचित हे वाचून तू मला 'मूर्खा, यात काही नाही' असे कळवावेस, एवढ्यासाठीच. दाजींचे आता केवळ पाचवे उरले आहे.

धाकटा


४ मार्च

ताई,

तुझे पत्र काल मिळाले. त्यातले एक वाक्य मी इथे पुन्हा उतरवतो, कारण ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही : 'तो विस्कळीत असतो तेव्हा मला काळजी नसते, तो नीटनेटका झाला की मला भीती वाटते. त्याला विचार. गोल गोल बोलू नकोस, सरळ विचार.' तू त्यांच्याबरोबर संसार केलास. मी नुसत्या सह्या केल्या.

तुला फोन लावला. माझा आणि घरचाही नंबर तू बंद करून ठेवला आहेस. म्हणून हे पत्र तातडीच्या टपालाने जात आहे.

आज शाळा सुटल्यावर नववीच्या वर्गात गेलो. मुले गेली होती. दाजी फळा पुसत होते, वरच्या कोपऱ्यापासून, ओळीने, एकही डाग न ठेवता. मी दार लोटले आणि विचारले. माझ्या आयुष्यातले हे पहिलेच वाक्य असेल ज्यात एकही अलंकार नव्हता.

"दाजी, तुम्ही मरायचा विचार करताय का?"

ते थांबले नाहीत. फळा पुरता पुसून झाला. "यादी पुरी होऊ दे," म्हणाले. "तू सही केलीस की मोकळा."

"कोण मोकळा?"

डस्टर जागच्या जागी ठेवले. "सगळेच."

दाजींनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "हे पाचवं. तिचं आणि चिमणीचं. तू लिहितोसच, तुझ्या पाकिटात घाल. आणि सही दे."

मी उभ्या उभ्या वाचला. चार ओळी होत्या. 'माझ्यामुळे झालेला त्रास विसरावा. माझा कोणावर राग नाही. पुस्तके वाचनालयात आहेत, हवी तर आणावीत. चिमणीस आशीर्वाद.'

मग मी काय केले ते ऐकून तू मला वेड्यात काढशील. मी बाकावर बसलो, खिशातून लाल पेन काढले आणि तपासू लागलो. दुसरे शस्त्रच नव्हते माझ्याजवळ.

"काय करतोयस?"

"तपासतोय."

"ते पत्र आहे. निबंध नाही."

"माझ्या हाती आलेला कागद तपासल्यावाचून पुढे जात नाही, दाजी. नोकरीची खोड."

'त्रास विसरावा' याच्यापुढे लिहिले : कोणता त्रास? स्पष्ट करा. 'कोणावर राग नाही' : असंभवनीय, निदान एक उदाहरण द्या. 'आशीर्वाद' : त्रोटक, विस्तार आवश्यक. आणि तळाशी : या पत्रात कोणालाही काहीही विचारलेले नाही. अपूर्ण. पुन्हा लिहावे.

दाजींनी ते वाचले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "मेल्या, तुला काही कळतं का? थट्टा वाटते तुला?"

"कळतं. म्हणूनच नापास करतोय."

"मी नाही लिहिणार पुन्हा."

"मग पाचवं बाकी राहील. फळ्यावर एक जागा मोकळी. चालेल?"

तुला ठाऊक आहे, ताई, शिल्लक ठेवून उठणे त्या माणसाच्या रक्तात नाही. ते कागदाकडे बघत राहिले. मी लाल पेन हातातून सोडले नाही. अखेर त्यांनी कागद घडी घालून परत खिशात ठेवला.

"उद्या देतो," म्हणाले.

उद्या! ताई, मला एक उद्या मिळाला.

त्यांना एकटे सोडले नाही. 'घरी चला, तुमच्या पटावर मला हरवा' असे म्हणून घेऊन आलो. ते आत्ता पुढच्या खोलीत आहेत आणि तुझी भावजय त्यांच्यासमोर ठाण मांडून, येत नसतानाही बुद्धिबळ खेळते आहे. शाळेतून निघण्यापूर्वी, दाजींना नजरेसमोर व्हरांड्यात बसवून, मुख्याध्यापिकांना सगळे सांगितले. त्या तडक शिक्षकखोलीत गेल्या. फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि आमच्या नावांपुढचे ठिपके नखाने खरवडू लागल्या. ते निघता निघेनात. मग त्यांनीच ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन करून उद्याची वेळ घेतली. दाजी येतो म्हणालेत. का, ते विचारले नाही. बहुधा नाही म्हणायला लागणारे बळही त्यांनी आवरून ठेवले आहे.

त्यांचा पत्ता आता आमचाच आहे. फोन कर.

धाकटा


२७ मार्च

ताई,

त्या दिवशी फोनवर तू फक्त "आहे?" एवढेच विचारलेस, आणि ही "आहे, ताई. जिना झाडतायत" म्हणाली. ते मला हिनेच सांगितले. तेव्हापासून तू रोज फोन करतेस. परंतु फोन पुढच्या खोलीत आहे आणि पुढच्या खोलीत ते आहेत. म्हणून जे तिथे बोलता येत नाही ते इथे लिहितो.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत. माझ्या विनोदांना हसत नाहीत. त्यांनी दाजींशी बंद दाराआड पुष्कळ वेळ बोलणे केले, गोळ्या दिल्या, आणि मला बाहेर येऊन म्हणाल्या, "गोळ्या लगेच काम करत नाहीत. मधला काळ जपायचा. आणि अंगात जरा बळ आलं की जास्त जपायचं." शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा सांगितले. गोळ्यांचा डबा तुझी भावजय स्वतःजवळ ठेवते.

दाजी रोज पत्र लिहितात. संध्याकाळी माझ्यापुढे ठेवतात, मी तपासतो, परत देतो. इतक्या निर्दयपणे मी उभ्या नोकरीत कोणाला नापास केलेले नाही. 'भावना मोघम.' 'मुद्दा पुन्हा आला.' 'चिमणीचे वय लक्षात घ्यावे.' एकदा चिडून त्यांनी कागद फेकला. "तू मला छळतोयस!" म्हणाले. मी म्हटले, "हे लिहा. राग कोणावर, त्याचं उदाहरण." दुसऱ्या दिवशीच्या मसुद्यात खरोखरच माझ्यावर एक अख्खा परिच्छेद होता. सुंदर होता. त्यात माझ्या पोटाचाही उल्लेख आहे.

मात्र मी तुला फसवणार नाही. मधून मधून ते हसतात, आणि ते हसू कोणते हे मला ओळखता येत नाही.

थांब. पुढच्या खोलीतून बराच वेळ आवाज आला नाही. पाहून येतो.

आलो. दाजी खुर्चीवर उभे राहून कपाटाच्या बिजागरीला तेल देत होते. कालच त्यांनी माझी पुस्तके उंचीप्रमाणे लावली, परवा नळाची गळती थांबवली. माझे घर नीटनेटके होऊ लागले आहे, ताई, आणि मला भीती वाटते. मी काय करतो ठाऊक आहे? सकाळी उठून पुस्तके पुन्हा विस्कटून ठेवतो.

आता मुद्द्याचे. सोबतचा कागद त्यांचा आहे, कालचा. तो मी तपासलेला नाही. त्यात एके ठिकाणी लिहिले आहे : 'चिमणी अजून बेरीज डावीकडून सुरू करते का? मी तिला नको म्हणायचो. आता वाटतं, करू दे, उत्तर तेच येतं. पण हातचा आला की ती काय करते? आधीचा आकडा खोडते, की वर बारीक लिहून ठेवते? मला हे कळत नाहीये.'

मी ते वाचले आणि लाल पेन बंद केले. त्यांनी विचारले, "काय, पास?"

"ते मी कसं सांगू? प्रश्न मला कुठं विचारलाय? उत्तर आलं की बघू."

"किती दिवस लागतील?"

"टपाल आहे. लागतील तेवढे."

"फोनवर विचारू का?"

"हातचा काय फोनवर दाखवता येतो? तिला कागदावर करू दे."

त्यांनी मान डोलावली आणि कॅलेंडरकडे पाहिले. काय मोजले, ते मला माहीत नाही.

सही मी दिलेली नाही, आणि देणार नाही. ताई, मी तुला परत ये म्हणत नाही. क्षमा कर असेही नाही. ते तुम्हा दोघांचे, त्यात मेहुण्याने नाक खुपसू नये. एवढेच मागतो : चिमणीला एक मोठी बेरीज घाल, भरपूर हातचे येतील अशी, आणि तो कागद जसाच्या तसा, खाडाखोडीसकट पाठव. तिने चूक केली असेल तर दुरुस्त करू नकोस. ती चूक त्यांना सापडू दे. आणि खाली तिच्याच अक्षरात त्यांना काहीतरी विचारायला सांग. अवघड. ज्याचे उत्तर एका पत्रात मावणार नाही असे.

टपाल येईतो मी त्यांना धरून ठेवतो. पण लवकर पाठव, ताई. आज त्यांनी कपड्यांची घडी फार व्यवस्थित घातली आहे.

धाकटा